बोर्डाचा सातबारा

सदर : यंत्राच्या पोटात

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. तो इथे देतो. "काका, लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की लॅपटॉप त्याला लगेच ओळखतो. मी रास्पबेरी पायला घड्याळाची चिप जोडली, वायरी चार वेळा तपासल्या, तरी पायला ती दिसेना. मग शोधाशोध करून एका फाईलमध्ये एक ओळ लिहिली, पाय बंद करून पुन्हा चालू केला, आणि घड्याळ चालायला लागलं. त्या ओळीने नेमकं केलं काय?"

प्रश्न मला आवडला. बहुतेक जण घड्याळ चालू झालं की पुढच्या कामाला लागतात. पण त्या एका ओळीमागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे. तुमच्या घरी ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन धडधाकट असून निकामी का ठरला, याच्या उत्तराचा एक भागही त्यातच आहे. या गोष्टीचं नाव डिव्हाइस ट्री.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी तीन शब्द सांगून ठेवतो. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा, एकाच बोर्डावर बसवलेला संगणक. कर्नल म्हणजे लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लष्करातल्या कर्नलशी त्याचं नातं नाही, पण हुकूम सोडण्याचं काम तोही करतो. आणि ड्रायव्हर म्हणजे त्याच्या हाताखालचे जाणकार. एकाला घड्याळाची चिप कळते, दुसऱ्याला स्क्रीन, तिसऱ्याला मेमरी कार्ड.

ओळख सांगणारे आणि न सांगणारे

पेनड्राइव्ह लावल्यावर काय होतं ते पाहू. यूएसबीचा नियमच असा आहे की नव्या पाहुण्याने आल्याबरोबर स्वतःची ओळख सांगायची. लॅपटॉप विचारतो, "आपण कोण?" पेनड्राइव्ह १८ बाइटांचं एक छोटं ओळखपत्र पुढे करतो. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, वस्तूचा क्रमांक असतो. कर्नल ते क्रमांक बघून योग्य ड्रायव्हर बोलावतो. संगणकाच्या आत बसवलेली पीसीआय कार्डंही अशीच. प्रत्येकाजवळ कंपनीचा क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचा.

आता घड्याळाची चिप घ्या. ती पायला आय-टू-सी नावाच्या पद्धतीने जोडलेली असते. फिलिप्स कंपनीने १९८२ साली ही पद्धत काढली. एका तारेवरून माहिती जाते, दुसरीवरून ताल. या दोन तारांवर अनेक चिपा एकाच वेळी बसू शकतात आणि प्रत्येकीला एक पत्ता असतो. पद्धत स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, म्हणून चाळीस वर्षांनंतरही फोनपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळीकडे दिसते. पण या स्वस्ताईत एक गोष्ट वगळली गेली. "आपण कोण?" या प्रश्नाला या पद्धतीत उत्तरच नाही. पत्त्यावर हाक मारली तर चिप "आहे" एवढंच म्हणते. कोण आहे, ते सांगत नाही.

"मग पत्त्यावरून अंदाज बांधावा," असं कोणी म्हणेल. तर डीएस३२३१ या लोकप्रिय घड्याळाच्या चिपचा पत्ता आहे ६८. हा आकडा सोळाच्या पायाने मोजलेला, म्हणजे आपल्या रोजच्या मोजणीत १०४. आता एमपीयू-६०५० ही हालचाल आणि कल मोजणारी चिप घ्या, जी विद्यार्थ्यांच्या ड्रोनमध्ये आणि तोल सांभाळणाऱ्या रोबोंमध्ये हमखास असते. तिचाही नेहमीचा पत्ता ६८च. कर्नलने ६८ वर हाक मारली आणि "आहे" असं उत्तर आलं, तर पलीकडे घड्याळ आहे की कलमापक, हे त्याने कसं ओळखायचं?

"थोडं चाचपून बघू, काही वाचू, काही लिहू, उत्तरावरून कळेल." यात धोका आहे आणि तो एकदा फार महागात पडला आहे. या शतकाच्या सुरुवातीला लिनक्सवर तापमान मोजणारे सेन्सर शोधून काढणारा एक प्रोग्रॅम लोकप्रिय होता. तो सगळ्या पत्त्यांवर हाका मारत जाई. काही थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये त्यातल्या एका पत्त्यावर सेन्सर नव्हता, लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागणारी माहिती साठवणारी चिप होती. प्रोग्रॅमने चाचपण्यासाठी मारलेली हाक त्या चिपने वेगळ्याच अर्थाने घेतली आणि आतली नोंद बिघडली. ते लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात. दार ठोठावून बघितलं तर घर पडलं, असा हा प्रकार.

म्हणून मुक्या चिपांच्या बाबतीत एकच सुरक्षित मार्ग उरतो. बोर्ड ज्याने बनवला त्याला ठाऊक आहे की कुठे काय बसवलं आहे. त्याने ते लिहून द्यावं.

सातबारा कसा वाचायचा

आपल्यापैकी अनेकांच्या घरात गावाकडच्या जमिनीचा सातबारा एखाद्या फायलीत असतोच. तो महाराष्ट्रात चालतो आणि इकडे गुजरातेतही चालतो. जमीन कोणत्या गटात, क्षेत्र किती, कोणाच्या नावावर, विहीर आहे का, इतर हक्क कोणाचे, हे त्यावर लिहिलेलं असतं. जमिनीला तोंड नाही, म्हणून तिच्या वतीने कागद बोलतो. डिव्हाइस ट्री हा बोर्डाचा तसाच कागद आहे.

तो झाडासारखा रचलेला असतो, म्हणून नाव ट्री. मुळाशी बोर्ड. त्याला फांद्या: प्रोसेसर, मेमरी, आणि मुख्य चिपच्या पोटातले विभाग. त्यातल्या एका विभागाला पुन्हा फांदी: आय-टू-सीच्या दोन तारा. आणि त्या तारांवर लटकलेलं पान म्हणजे आपलं घड्याळ. प्रत्येक फांदीला नोड म्हणतात. नोडच्या आत जे लिहिलेलं असतं त्याला प्रॉपर्टी म्हणतात, आणि सातबाऱ्याच्या गोष्टीत हा शब्द चपखलच बसतो.

त्या वाचकाच्या घड्याळाचा नोड असा असतो. मूळ फाईल इंग्रजी अक्षरांत असते, मी इथे देवनागरीत मांडतो:

आरटीसी @ ६८
कम्पॅटिबल : "मॅक्सिम,डीएस३२३१"
रेग : ६८

बस्स, एवढंच. पहिल्या ओळीत नाव आणि पत्ता. 'कम्पॅटिबल' म्हणजे ही वस्तू कोणती: स्वल्पविरामाच्या आधी बनवणाऱ्या कंपनीचं नाव, नंतर चिपचं. 'रेग' म्हणजे ती कुठे सापडेल. हा नोड आय-टू-सीच्या नोडच्या पोटात लिहिलेला असतो, त्यामुळे कोणत्या तारांवर हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकी नोडांमध्ये गरजेप्रमाणे आणखी गोष्टी येतात. लक्ष वेधून घेण्यासाठी कोणती तार ओढायची, ताल कुठून घ्यायचा, वीज कुठून आणि किती व्होल्टची.

कर्नलकडे प्रत्येक ड्रायव्हरची एक यादी असते: मला अमुक-अमुक नावाच्या वस्तू सांभाळता येतात. कर्नल झाडावरून फिरतो, प्रत्येक नोडचं कम्पॅटिबल वाचतो, आणि ज्याच्या यादीत ते नाव आहे त्या ड्रायव्हरला बोलावतो. जुळवाजुळवीचं हे काम पत्रिका बघण्यापेक्षा सोपं आहे. नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, एवढंच. एक अक्षर चुकलं तर ड्रायव्हर येत नाही, आणि बहुतेक वेळा कोणी तक्रारही करत नाही. नोड नुसता पडून राहतो. नव्या मुलांचे तासन् तास इथेच जातात.

कम्पॅटिबलमध्ये एकापेक्षा जास्त नावंही देता येतात. नेमकं नाव आधी, ढोबळ नाव नंतर. रास्पबेरी पाय ३ च्या मुळाशी आधी त्या मॉडेलचं नाव आणि मग त्याच्या मुख्य चिपचं, बीसीएम२८३७ चं नाव असतं. नेमक्या नावाचा जाणकार मिळाला तर उत्तमच, नाही तर निदान घराण्याला ओळखणारा चालेल.

या घड्याळाच्या नावात एक मजा दडलेली आहे. डीएस या अक्षरांमागे डॅलस सेमिकंडक्टर ही कंपनी आहे. २००१ साली ती मॅक्सिमने विकत घेतली. २०२१ साली मॅक्सिम स्वतःच अॅनालॉग डिव्हायसेसमध्ये सामील झाली. तरी झाडात नाव "मॅक्सिम,डीएस३२३१" असंच राहिलं. याच ड्रायव्हरच्या यादीत याच घराण्यातली थोरली चिप डीएस१३०७ आजही "डॅलस" या नावाने आहे. सातबाऱ्यावर मालक बदलला की फेरफार नोंदवतात. इथे फेरफार होत नाही, कारण जगभर पसरलेल्या लाखो जुन्या बोर्डांच्या कागदांवर जुनं नाव कोरलेलं आहे. नवं नाव धरून जुनं टाकलं, तर त्या सगळ्यांची घड्याळं नव्या कर्नलवर बंद पडतील.

वाड्यातला पत्ता आणि गावातला पत्ता

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात कोणी विचारलं, "जोशी कुठे राहतात?" तर आतले लोक सांगतील, "मागच्या चौकातली डावीकडची खोली." हे उत्तर वाड्याच्या आत पुरतं. बाहेरून पत्र यायचं तर आधी वाड्याचा पत्ता लागतो. बोर्डावरही असंच आहे, आणि रास्पबेरी पाय त्याचं उत्तम उदाहरण आहे.

पायच्या मुख्य चिपमध्ये एक सीरियल पोर्ट असतो. चिपच्या आतल्या लोकांच्या दृष्टीने त्याचा पत्ता ७ई ने सुरू होतो. पहिल्या पायपासून चौथ्यापर्यंत हा आतला पत्ता तोच. पण प्रोसेसरला तो विभाग कुठे दिसतो? पहिल्या पायवर २० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर ३एफ ने, चौथ्यावर एफई ने. खोली तीच, वाडा दर वेळी दुसऱ्या गल्लीत.

डिव्हाइस ट्रीमध्ये यासाठी 'रेंजेस' नावाची एक ओळ आहे. ती म्हणते, आतले ७ई म्हणजे बाहेरचे ३एफ. बस्स. सीरियल पोर्टचा नोड आतला पत्ता धरून एकदाच लिहायचा, आणि प्रत्येक चिपच्या फाईलमध्ये फक्त वाड्याची गल्ली बदलायची. म्हणूनच या फाईली थरांनी रचतात. सर्वांत खाली घराण्याची सामाईक फाईल, तिच्यावर त्या चिपची, तिच्यावर त्या बोर्डाची. चिपच्या फाईलमध्ये पोटातले बरेच विभाग "बंद" असा शेरा मारून ठेवलेले असतात. ज्या विभागाच्या तारा बोर्डावर खरोखर बाहेर काढल्या आहेत, त्याचा शेरा बोर्डाच्या फाईलमध्ये "ओके" करतात. बिल्डरने इमारतीचा नकाशा द्यावा आणि आपण आपल्या फ्लॅटपुरते दरवाजे उघडावेत, तसं.

माणसाने वाचण्याजोगी ही फाईल एका छोट्या साधनाने आटवून यंत्राला वाचता येईल अशी करतात. आटवलेल्या फाईलचे पहिले चार बाइट ठरलेले आहेत, डी-शून्य-शून्य-डी आणि एफ-ई-ई-डी. सलग वाचलं तर "डूड फीड"! गंभीर कामात असे खोडकरपणे इंजिनिअर करतातच. बोर्ड चालू झाला की बूटलोडर ही फाईल मेमरीत ठेवतो, ती कुठे ठेवली ते कर्नलला सांगतो, आणि बाजूला होतो. कर्नल डोळे उघडतो तेव्हा त्याच्या हातात हा कागद असतो.

आता वाचकाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येईल. पायच्या कन्फिग फाईलमध्ये लिहिलेली ती ओळ म्हणजे ओव्हरले. मूळ झाडावर आयत्या वेळी केलेलं कलम. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा तुम्ही त्याला घड्याळ जोडाल हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मूळ कागदावर ते नाही. तुमच्या ओळीने सुरुवातीलाच घड्याळाचा नोड झाडाला चिकटवला. २०१५ च्या सुरुवातीला रास्पबेरी पायच्या कर्नलने डिव्हाइस ट्री स्वीकारला, तेव्हा अपडेट केल्यावर अनेकांची आधी चालणारी जोडणी अचानक दिसेनाशी झाली होती. तोवर आपोआप उघडी असलेली दारं आता कागदावर लिहिल्याशिवाय उघडत नव्हती. पायवर बसणाऱ्या 'हॅट' नावाच्या जोडबोर्डांनी यावर चांगला उपाय काढला. २०१४ पासून त्या नियमानुसार बनणाऱ्या हॅटवर एक बारीक स्मृतिचिप असते आणि तिच्यात त्याच्या वाट्याचा कागद लिहिलेला असतो. मुक्या पाहुण्याच्या खिशात चिठ्ठी ठेवून पाठवावं, तसं.

कागद नव्हता तेव्हा

कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सने आपल्या संगणकांत अशी सोय केली की सुरू होतानाच यंत्र स्वतःचं झाड तयार करील आणि ऑपरेटिंग सिस्टिमला देईल. १९९४ साली त्याचं ओपन फर्मवेअर नावाचं प्रमाण ठरलं. अॅपलचे त्या काळचे पॉवरपीसी मॅक आणि आयबीएमची यंत्रंही ते वापरत. २००५ च्या सुमारास पॉवरपीसीवरच्या लिनक्सने त्यातला गाभा उचलला. एवढं मोठं फर्मवेअर नको, फक्त झाड एका सपाट फाईलमध्ये द्या, असं ठरलं. आज आपण वापरतो ते हेच सपाट झाड.

एआरएमचं जग मात्र बराच काळ वेगळ्या वाटेने चाललं होतं. फोन, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांतले प्रोसेसर बहुतेक एआरएम जातीचे. तिथे प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच सी भाषेत एक फाईल लिहीत: अमुक पत्त्यावर घड्याळ, तमुक तारेवर बटण. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक मिळे आणि बूटलोडर तेवढा क्रमांक कर्नलला सांगे. पहिल्या रास्पबेरी पायचा क्रमांक होता ३१३८. यावरून रांग किती लांब गेली होती याची कल्पना येईल. म्हणजे प्रत्येक शेताचा सातबारा तलाठ्याने पाठ करून ठेवायचा! नवं शेत आलं की नवा पाठ, आणि एका बोर्डासाठी बनवलेला कर्नल दुसऱ्यावर बहुधा चालतच नसे.

मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला. एआरएमच्या लोकांकडून दर आवृत्तीला येणारे बदल एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि त्यांतले पुष्कळसे नुसते बोर्डांचे तपशील होते. त्यांनी आपल्या नेहमीच्या तिखट भाषेत हे थांबवा म्हणून सुनावलं. त्यानंतर काम झपाट्याने झालं. बोर्डांचं वर्णन सी भाषेतून काढून डिव्हाइस ट्रीमध्ये नेण्यात आलं. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.७ पासून एकच कर्नल अनेक कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालू शकेल अशी व्यवस्था झाली. त्याच आवृत्तीत ६४ बिटांच्या एआरएमला प्रवेश मिळाला, आणि तिथे सुरुवातीपासूनच सी भाषेतल्या बोर्ड-फाईलींना जागा ठेवली नाही. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरही याच मार्गाने आले. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा ही त्याच घराण्यातली आपली नावं.

काय लिहायचं आणि काय नाही

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग इथे आहे. डिव्हाइस ट्रीचा पहिला नियम असा: जे आहे ते लिहा, काय करायचं ते लिहू नका. "या तारेवर पंखा आहे" हे कागदावर येतं. "पंखा दुपारी लावा" हे येत नाही. सातबारा जमीन जिरायत की बागायत ते सांगतो, पेरलेल्या पिकाची नोंदही ठेवतो, पण यंदा काय पेरा हे सांगत नाही. ते शेतकऱ्याने ठरवायचं.

याला पळवाटा आहेत. झाडात 'चोझन' नावाचा एक नोड असतो, त्यात कर्नलसाठी सुरुवातीच्या सूचना ठेवतात. त्याला हार्डवेअर म्हणता येणार नाही. एलईडीच्या नोडमध्येही, तो कशावर लुकलुकावा हे लिहायची सोय आहे. पण अशा जागा मोजक्या आणि ओळखू येणाऱ्या ठेवल्या आहेत.

इतका कटाक्ष का? कारण वर्णन आणि वर्तन वेगळं ठेवलं की वर्णन दीर्घकाळ टिकतं. आज लिनक्स वाचतो तोच कागद यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी वाचते. छोट्या उपकरणांसाठीची झेफर ही ऑपरेटिंग सिस्टिमही हीच पद्धत वापरते. आणि दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कागद आजच्या कर्नललाही समजला पाहिजे, असा दंडक आहे. ड्रायव्हरचा प्रोग्रॅम उद्या पूर्ण नव्याने लिहिला तरी चालेल, पण कागदावरच्या शब्दांचा अर्थ बदलता येत नाही. म्हणून एखादी नवी प्रॉपर्टी मान्य करून घेताना कर्नलची मंडळी फार चिकित्सा करतात. नव्याने पॅच पाठवणाऱ्याला ती किचकट वाटते. पण एकदा छापलेला शब्द मागे घेता येत नसेल, तर आधी चिकित्सा झालेली बरी.

चुकीची नोंद आणि न झालेली नोंद

पत्ता चुकला तर बहुतेक वेळा चिप सापडत नाही, एवढंच. व्होल्टचं तसं नाही. झाडात वीजपुरवठ्याच्या नोडमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्होल्ट लिहितात, तेही मायक्रोव्होल्टमध्ये. कर्नल त्या मर्यादेवर विश्वास ठेवतो. बॅटरीच्या नोडमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा असते. नेहमीच्या लिथियम बॅटरीसाठी ती ४.२ व्होल्ट, म्हणजे ४२ लाख मायक्रोव्होल्ट. तिथे कोणी ४५ लाख लिहिलं आणि चार्जरला ते जमत असलं, तर तो बॅटरीत तेवढं भरत राहील. फुगलेली बॅटरी तुम्ही पाहिली असेल. हल्ली हे कागद तपासायला साधनं आहेत, पण ती शब्द आणि मांडणी तपासतात. ४२ खरं की ४५, हे बोर्डाचा मूळ नकाशा आणि बॅटरीचं माहितीपत्रक समोर ठेवून माणसालाच पाहावं लागतं. या कामात हुशारीपेक्षा सचोटी जास्त लागते, असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना नेहमी सांगतो.

आता न झालेल्या नोंदीबद्दल, म्हणजे तुमच्या ड्रॉवरमधल्या फोनबद्दल. त्याच्या स्क्रीनचा, कॅमेऱ्याचा, बॅटरीचा कागद कंपनीने लिहिला होता, नाही तर तो चालला नसता. पण बऱ्याच कंपन्या तो आपल्यापुरत्या शब्दांत लिहितात, आपल्याच जुन्या कर्नलला कळेल असा. सर्वांच्या सामाईक कर्नलमध्ये तो सोपवत नाहीत. कायद्याने मूळ मजकूर द्यावा लागतो म्हणून देतात, पण नव्या कर्नलला ती बोली कळत नाही. काही वर्षांनी कंपनी अपडेट थांबवते. फोन चालू असतो, चिपा धडधाकट असतात. पण तो जुन्या कर्नलला बांधलेला असतो. ड्रायव्हर आणि इतर अडचणीही असतात, तरी पहिली अट कागदाचीच.

याउलट २००९ सालचा नोकिया एन९०० हा फोन घ्या. त्याचा डिव्हाइस ट्री सामाईक कर्नलमध्ये आहे. बनवणाऱ्या कंपनीचा रस कधीच संपला, फोनचा कागद मात्र शाबूत आहे. २०१७ साली सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प फोन दहा वर्षं तरी वापरता यावेत या हेतूने चालला आहे, आणि तिथल्या स्वयंसेवकांचा बराच वेळ जुन्या फोनांचे कागद नव्याने, सर्वांच्या शब्दांत लिहिण्यात जातो. वारसांनी आजोबांच्या जमिनीचे कागद जुळवत बसावं, तसलं हे चिकाटीचं काम आहे.

स्वतः बघायचं असेल तर

ज्यांच्याकडे रास्पबेरी पाय आहे त्यांना हे झाड उघडून बघता येतं. 'प्रॉक' फोल्डरच्या आत 'डिव्हाइस-ट्री' नावाचा फोल्डर आहे. त्यात जे दिसतं ते कर्नलच्या हातातला कागदच. 'मॉडेल' नावाची फाईल वाचा, तुमच्या बोर्डाचं पूर्ण नाव मिळेल. 'चोझन'मध्ये डोकावा. मग आय-टू-सीचा फोल्डर शोधा आणि ओव्हरलेची ओळ लिहिण्याआधी आणि नंतर तिथे काय फरक पडतो ते बघा. आरटीसी@६८ हा नवा फोल्डर तुमच्या डोळ्यांदेखत उगवलेला दिसेल.

ज्यांना याच्याही पुढे जायचंय त्यांच्यासाठी एक सुचवतो. एखादा स्वस्त बोर्ड ज्याचा नकाशा खुला आहे पण सामाईक कर्नलमध्ये ज्याची नोंद अर्धवट आहे, असा शोधा. आधी नुसता एक दिवा किंवा एक बटण, एवढाच नोड लिहा. नकाशाशी पडताळा, बोर्डावर चालवून बघा, मग पाठवा. पहिल्या वेळी शेरे येतील, दुसऱ्या वेळीही येतील. ते दुरुस्त करून मान्य झालेल्या चार ओळी नोकरीच्या मुलाखतीत कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतात. शिवाय त्या बोर्डाच्या प्रत्येक मालकाचं एक काम तुम्ही कायमचं करून ठेवलेलं असतं.

पुढच्या महिन्यात बूटलोडरबद्दल लिहीन, कर्नल जागा होण्याआधीच्या त्या काही क्षणांत काय घडतं याबद्दल. तोपर्यंत आपापल्या झाडात काय सापडलं ते जरूर कळवा.